रोव्हरवर ‘फिक्स’ आला, तरी बांध दीड मीटर सरकला: बेस आणि कॉर्स वापरताना या चुका टाळा

कोल्हापूर जिल्ह्यात करवीर म्हणा, शिरोळ म्हणा, एकाच बांधावरच्या दगडावर दोन मोजणीवाल्यांनी रोव्हर (उपग्रहांवरून जागा काढणारा काठीवरचा रिसीव्हर) धरला आणि दोघांच्या आकड्यांत दीड मीटरचा फरक निघाला, की भांडण ठरलेलं. एक म्हणतो, माझं मशीन नवं आहे. दुसरा म्हणतो, मला फिक्स होता. शेतकरी दोघांची तोंडं बघतो आणि त्याचं मत पक्कं होतं: “ह्या सॅटेलाइटचं काय खरं न्हाई बघा.”

सॅटेलाइटचं बहुतेक वेळा खरंच असतं. फिक्स, म्हणजे जागा सेंटिमीटरपर्यंत नक्की झाल्याची रोव्हरची खूण, तोही बहुतेक वेळा खोटा नसतो. घोळ असतो तो जमिनीवर, म्हणजे ज्या स्टेशनच्या भरवशावर रोव्हर सेंटिमीटरच्या गोष्टी करतो त्या स्टेशनमध्ये, किंवा ते वापरण्याच्या आपल्या पद्धतीत. खासगी सर्व्हेचं काम करणारी नवी मुलं, साइट इंजिनिअर आणि ड्रोनवाले यांच्याकडून पुन्हा पुन्हा होणाऱ्या चुका इथं घेतल्या आहेत. काही चुकांवर जास्त लिहिलंय, कारण पैसे त्यांच्यातच बुडतात.

करेक्शन म्हणजे नेमकं काय, हे न समजता बटण दाबणं

जीपीएसचा उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून स्वतःची वेळ आणि जागा सांगत असतो. सिग्नल पोचायला किती वेळ लागला, त्यावरून रिसीव्हर अंतर काढतो. सिग्नल प्रकाशाच्या वेगानं येतो, त्यामुळे वेळेत सेकंदाच्या एक अब्जांश भागाची चूक झाली तरी अंतरात ३० सेंटिमीटर जातात. वाटेत आयनोस्फिअरचा विद्युतभारित थर सिग्नलला काही मीटरचा, कधी त्याहून बराच जास्त उशीर करतो. खालच्या हवेतली ओल आणखी भर घालते. उपग्रहाच्या कक्षेचा आणि घड्याळाचा अंदाजही थोडा चुकलेला असतो. हे सगळं पोटात घेऊन चांगला मोबाइल मोकळ्या आभाळाखाली तीन ते पाच मीटरपर्यंत बरोबर जागा सांगतो. रिक्षा दसरा चौकात पोचायला तेवढं पुरतं, बांधाला पुरत नाही.

लक्ष्मीपुरीतल्या धान्याच्या दुकानात पारडी रिकामी असतानाच काटा एका अंगाला झुकला, तर दुकानदार दुसऱ्या पारड्याला पासंग लावतो आणि मगच तोलायला घेतो. बेस स्टेशनचं काम तेच. त्याची जागा आधीच पक्की माहीत असते, त्यामुळे उपग्रहांकडून आलेल्या मापात किती खोट आहे हे त्याच्यावरून कळतं. बेस आणि जवळचा रोव्हर यांचे सिग्नल जवळपास एकाच हवेतून आलेले असतात, म्हणून दोघांच्या चुकाही जवळपास सारख्या असतात आणि वजाबाकीत उडून जातात. आरटीकेमध्ये, म्हणजे त्याच क्षणी चूक काढून मोजण्याच्या पद्धतीत, बेस आपली कच्ची मापं आणि आपली जागा पाठवतो. हेच करेक्शन. वजाबाकी रोव्हर करतो.

यातून दोन अटी निघतात. बेसची जागा खरी पाहिजे, आणि बेस-रोव्हर यांचं आभाळ एकसारखं पाहिजे. पुढच्या बहुतेक चुका यांपैकी एखादी अट मोडल्यानं होतात.

गगन, कॉर्स आणि स्वतःचा बेस यांना एकच समजणं

“माझ्या मशीनला गगन आहे, मला बेस कशाला?” हा प्रश्न अजून ऐकू येतो. गगन ही इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांची यंत्रणा. देशभरातली १५ संदर्भ स्टेशनं उपग्रहांचं ऐकतात, बेंगळुरूच्या नियंत्रण केंद्रात चुकांचा हिशेब होतो आणि तो जीसॅट-८, जीसॅट-१० यांसारख्या भूस्थिर उपग्रहांवरून खाली पाठवला जातो. ती बांधली विमानांसाठी. डिसेंबर २०१३ मध्ये आणि मग एप्रिल २०१५ मध्ये तिला विमानवाहतुकीची प्रमाणपत्रं मिळाली, आणि एप्रिल २०२२ मध्ये इंडिगोचं एटीआर विमान राजस्थानातल्या किशनगडला गगनच्या आधारानं उतरलं. वैमानिकाला एक-दोन मीटरची अचूकता चालते. त्याला त्याहून महत्त्वाचं असतं ते हे, की यंत्रणा बिघडली तर काही सेकंदांत ‘माझ्यावर विश्वास ठेवू नको’ असा इशारा मिळाला पाहिजे. गगन आयनोस्फिअरचा हिशेब ५ अंश बाय ५ अंशांच्या चौकटींवर देतं. एक चौकट म्हणजे साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. त्यावरून ऊस फवारायचा रस्ता ठरवता येईल, हद्दीचा दगड नाही.

कॉर्स म्हणजे कायम चालू राहणारी, पक्क्या पायावर बसवलेली संदर्भ स्टेशनं. सर्व्हे ऑफ इंडियानं त्यांचं जाळं देशभर उभारलं आहे, महाराष्ट्रातही. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांचं ड्रोनसर्वेक्षण याच जाळ्याच्या आधारानं चालतं. इथं हिशेब सेंटिमीटरचा, कारण सिग्नलमधल्या संकेतापेक्षा (कोडपेक्षा) तो वाहून आणणाऱ्या वाहक लहरीचीच मोजणी होते. जीपीएसच्या एल-१ लहरीची लांबी जेमतेम १९ सेंटिमीटर असते.

आणि तिसरा, तुमच्या ट्रायपॉडवरचा बेस. अचूकतेत तो कॉर्सच्या तोडीचा ठरू शकतो. पण कधी? त्याची जागा कॉर्सइतकीच पक्की असेल तेव्हा. कोल्हापुरातल्या निम्म्या भानगडी इथूनच सुरू होतात.

बेसला ‘करंट पोझिशन’ देऊन मोकळं होणं

सगळ्यात महाग चूक हीच. ट्रायपॉड लावला, बेस चालू केला, कंट्रोलरनं (हातातल्या पडद्याच्या यंत्रानं) विचारलं ‘बेसची जागा काय?’, आणि माणसानं ‘आत्ता जिथं आहे ती’ हे बटण दाबलं. बेसनं एकट्यानं, कुणाच्या मदतीशिवाय काढलेली जागा दोन-तीन मीटरनं चुकलेली असू शकते. आता तो त्या चुकलेल्या जागेलाच सत्य मानून रोव्हरला सांगतो. रोव्हरला फिक्स मिळतो, पडद्यावर अचूकता १ सेंटिमीटर दिसते, आणि ती खरीच असते, फक्त बेसच्या तुलनेत. अख्खं शेत जसंच्या तसं दोन मीटर ईशान्येला सरकलेलं असतं. आकार बरोबर, क्षेत्रफळ बरोबर, जागा चूक. क्षेत्रफळ जुळलं म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

दुसऱ्या दिवशी तोच माणूस पुन्हा बेस लावतो, पुन्हा तेच बटण दाबतो. बेसला आज वेगळी चूक मिळते. कालच्या खुंट्या आणि आजच्या खुंट्या जुळत नाहीत. मग मशीन सर्व्हिसला जातं आणि ‘काही दोष नाही’ असा शेरा घेऊन परत येतं.

उपाय अवघड नाहीत. जवळ पक्का नियंत्रण बिंदू (जागा आधीच नीट मोजून ठेवलेली खूण) असेल तर बेस त्यावर उभा करा आणि त्याचे छापील आकडे भरा. नसेल तर कामाच्या जागी एक मजबूत बिंदू ठोका, त्यावर दोनेक तास स्टॅटिक नोंद (रिसीव्हर न हलवता) घ्या, कॉर्सच्या त्याच वेळेच्या डेटाबरोबर प्रोसेस करा आणि मिळालेली जागा त्या कामासाठी कायम धरा. घाईत ‘करंट पोझिशन’ घ्यावीच लागली, तर निदान तो आकडा वहीत उतरवून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच खुणेवर तोच आकडा हातानं भरा. नंतर खरी जागा कळली की सगळं काम एकदम सरकवता येतं. आकडाच हरवला असेल तर सरकवणार कुठून कुठं?

बेसची उंची हे याच चुकीचं धाकटं भावंड. टेप खुणेपासून अँटेनाच्या कडेपर्यंत तिरका धरला की उभा, आणि कंट्रोलरमध्ये कोणता पर्याय निवडला, हे जुळलं नाही तर प्रत्येक बिंदूची उंची तेवढ्यानं चुकते. आणि ट्रायपॉडला राखण ठेवा. म्हशीला ट्रायपॉड आणि खुंटा यातला फरक कळत नाही. तिनं अंग घासून बेस पाच सेंटिमीटर हलवला, तर रोव्हरला त्याचा पत्ता लागत नाही, तो फिक्सच दाखवत राहतो.

फ्लोटला फिक्सचा सख्खा भाऊ मानणं

वाहक लहर मोजताना रोव्हरला लहरीचा तुटक भाग नेमका कळतो, पण उपग्रहापासून आपल्यापर्यंत एकूण किती पूर्ण लहरी झाल्या हे सुरुवातीला माहीत नसतं. बेसच्या मापांशी ताडून तो पूर्णांक शोधतो. पूर्णांक नक्की झाला की फिक्स. अजून अपूर्णांकात घुटमळतोय तोवर फ्लोट. फ्लोटमधली चूक २०-३० सेंटिमीटर असते, कधी अर्ध्या-पाऊण मीटरवरही जाते. ‘फ्लोट आहे पण आकडा स्थिर दिसतोय’ असं म्हणून बिंदू घेणारे भेटतात. स्थिर दिसणं आणि बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्याहून फसवा प्रकार म्हणजे चुकीचा फिक्स. रोव्हरनं पूर्णांकच चुकीचा धरला, एखाद्या उपग्रहाच्या मोजणीत एक-दोन लहरींची गफलत झाली. पडद्यावर सगळं हिरवं, आणि बिंदू वीतभर बाजूला. झाडाखाली, भिंतीजवळ हे जास्त होतं. ओळखायची रीत एकच: फिक्स मुद्दाम तोडा, मोकळ्या जागी जाऊन नव्यानं मिळवा आणि त्याच बिंदूवर परत या. दोन्ही वेळा आकडा दोन-तीन सेंटिमीटरच्या आत आला तर ठीक. महत्त्वाच्या हद्दीच्या दगडांवर तासाभरानं पुन्हा एकदा रोव्हर धरा, कारण तोवर उपग्रहांची मांडणी बदललेली असते आणि तीच चूक पुन्हा तशीच होण्याची शक्यता फार कमी राहते.

जुन्या कंट्रोलरमध्ये शब्दांऐवजी नुसता आकडा दिसतो. ४ म्हणजे फिक्स, ५ म्हणजे फ्लोट, २ म्हणजे साधं डिफरन्शियल किंवा गगन, १ म्हणजे एकट्याचा कारभार. ५ हा ४ पेक्षा मोठा म्हणून चांगला, असा समज करून घेतलेलेही आहेत!

फिक्स येतच नाही: कुठं बघायचं

कॉर्सचं करेक्शन मोबाइल इंटरनेटवरून, एनट्रिप नावाच्या पद्धतीनं येतं. ते अडलं की माणसं आधी अँटेना काढून फुंकर मारतात. त्याआधी कंट्रोलरवर ‘करेक्शनचं वय’ बघा. एक-दोन सेकंद असेल तर करेक्शन येतंय, दोष दुसरीकडे आहे. वय वाढत १०, २०, ३० सेकंदांवर जातंय तर नेटचा प्रश्न आहे. पन्हाळ्याच्या उताराला किंवा राधानगरीच्या जंगलकडेला एका कंपनीचं नेट मिळत नाही आणि दुसऱ्याचं मिळतं, म्हणून दोन कंपन्यांची सिमं जवळ ठेवणं हा खर्च नव्हे. रोव्हरमधल्या सिमचा डेटा पॅक संपलाय का, हेही बघा. हसू नका, हे रोज होतं.

जोडणीच होत नसेल तर युजरनेम, पासवर्ड, सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट तपासा. पोर्ट बहुतेक ठिकाणी २१०१ असतो. एकाच लॉगिनवर ऑफिसातला दुसरा रोव्हर चालू असला तर सर्व्हर तुम्हाला बाहेर काढतो, किंवा त्याला. दोघं मग दिवसभर आळीपाळीनं एकमेकांना बाहेर ढकलत राहतात आणि दोष कॉर्सला देतात.

जोडणी झाली, पण करेक्शनचा एक बाइटही येत नाही? मग बहुधा तुम्ही आभासी बेसचा माउंटपॉइंट (सर्व्हरवरचा करेक्शनचा प्रवाह) निवडलाय आणि रोव्हर आपली जागा सर्व्हरला कळवत नाहीये. जाळ्यातली आजूबाजूची स्टेशनं मिळून तुमच्याजवळ एक काल्पनिक बेस उभा करतात. तुम्ही कुठं आहात हेच माहीत नसेल तर तो उभा करणार कुठं? सेटिंगमध्ये जीजीए संदेश, म्हणजे रोव्हरची जागा सांगणारा संदेश, पाठवण्याचा पर्याय चालू करा.

करेक्शन येतंय, वयही ठीक, तरी एकट्याचीच जागा दिसतेय, अशा वेळी संदेशाचा प्रकार जुळत नसतो. आरटीसीएम ही करेक्शन पाठवण्याची ठरलेली भाषा; नव्या सर्व्हरवरचे तिच्या ३ मालिकेतले एमएसएम संदेश काही जुन्या रिसीव्हरांना वाचता येत नाहीत. फर्मवेअर अद्ययावत करा, नाहीतर जुन्या प्रकारचा माउंटपॉइंट शोधा.

आभाळ झाकलेलं असताना हट्ट करणं

पूर्ण वाढलेला ऊस माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर जातो आणि त्याच्या पानांत पाणी भरलेलं असतं. सिग्नल त्यात अशक्त होतो. फडाच्या मधोमध रोव्हर उभा करून फिक्सची वाट बघण्यापेक्षा ऊसतोड झाल्यावर या. ते शक्य नसेल तर बांधाच्या टोकांना मोकळ्या जागी दोन बिंदू घ्या आणि मधलं काम टोटल स्टेशननं (कोन आणि अंतर मोजणाऱ्या दुर्बिणीच्या यंत्रानं) करा. गुऱ्हाळाचं पत्र्याचं छप्पर, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडच्या भिंती, उभा ट्रक यांच्यावरून सिग्नल उसळून येतो आणि लांबच्या वाटेनं आलेला तो सिग्नल रोव्हर खरा धरतो. बेसला ही चूक कळत नाही, कारण ती फक्त तुमच्या जागेवरची आहे. पासंग दुकानाच्या तराजूचा असतो, गिऱ्हाइकाच्या पिशवीचा नाही.

महाद्वार रोड किंवा गंगावेशीच्या आतल्या बोळांत तर रोव्हर काढूच नये. माझं मत विचाराल तर गावठाणातल्या दाट वस्तीत आरटीके वापरणाऱ्यापेक्षा टेप आणि टोटल स्टेशन घेऊन जाणारा माणूस जास्त शहाणा.

क्षितिजापासून १० ते १५ अंशांखालचे उपग्रह सोडून देण्याचं सेटिंग कायम ठेवा. फिक्स मिळत नाही म्हणून ते शून्यावर आणणं म्हणजे सगळ्यात जास्त हवेतून आलेला सिग्नल आत घेणं. आणि रोव्हरची काठी, म्हणजे पोल, सरळ उभा आहे का हे दाखवणारा बबल! दोन मीटरचा पोल एक अंशानं कलला की टोक साडेतीन सेंटिमीटर सरकतं. कॉर्स, गगन, नेट, सगळं फुकट.

संध्याकाळी मशीन ‘येड्यागत’ वागतं तेव्हा

आकाश मोकळं, वीसेक उपग्रह दिसतात, नेट आहे, तरी सूर्य मावळल्यावर फिक्स टिकत नाही. यात मशीनचा काही दोष नाही. भारताचं दक्षिण टोक चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे आणि त्या पट्ट्यात सूर्यास्तानंतर आयनोस्फिअरमध्ये विरळ घनतेचे बुडबुडे तयार होऊन वर चढतात. त्यांच्यातून येणारा सिग्नल लुकलुकतो, लहरींची मोजणी तुटते. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या महिन्यांत, सूर्यावरचे डाग वाढलेल्या वर्षांत, हे जास्त जाणवतं. सध्याच्या सौरचक्राचा जोर २०२४ च्या सुमाराला शिगेला होता, त्यामुळे मधल्या काळात तक्रारी वाढल्या त्यात नवल नाही.

दुपारीही आयनोस्फिअर भरलेलं असतं, पण तेव्हाचा थर बराचसा सलग असतो. बेस जवळ असेल तर वजाबाकीत निघून जातो. संध्याकाळचे बुडबुडे बेसवर वेगळे आणि रोव्हरवर वेगळे. करेक्शनची दुसरी अटच मोडते. उपाय साधा आहे: हद्दीचे महत्त्वाचे बिंदू सकाळी उरका. नेव्हिगेशनचे नवे सिग्नल, एल-५ सारखे, आणि अनेक देशांचे उपग्रह एकत्र घेणारे रिसीव्हर जास्त तग धरतात, पण बुडबुड्यापुढे तेही कधी कधी हात टेकतात.

बेस लांब, आणि मध्ये घाट

एकाच बेसवर काम करताना चूक अंतराबरोबर वाढते. ठोकताळा असा, की १ सेंटिमीटर अधिक दर किलोमीटरला १ मिलिमीटर. बेस ३० किलोमीटरवर असेल तर ४ सेंटिमीटर धरून चाला, तेही हवा शांत असताना. एकट्या बेसवर दहा-पंधरा किलोमीटरच्या पुढं जाऊ नये, हे माझं ऐका.

अंतरापेक्षा उंचीतला फरक जास्त त्रास देतो, आणि आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला तो भरपूर आहे. बेस कोल्हापुरात साडेपाचशे मीटरवर आणि रोव्हर करूळ घाट उतरून वैभववाडीकडे, असं काम असेल तर खालच्या रोव्हरच्या डोक्यावर चारशेहून जास्त मीटरचा दमट हवेचा जादा थर येतो. बेसला त्याचा अनुभवच नाही. पावसाळ्यात गगनबावड्याला ढग उतरलेले असताना तर बघायलाच नको. ही चूक मुख्यतः उंचीत शिरते. घाटाच्या कामाला घाटाखाली वेगळा बेस लावा, किंवा जाळ्याचं करेक्शन घ्या.

उंचीचा आकडा जसाच्या तसा नकाशावर टाकणं

कोल्हापूर शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. रोव्हर मात्र त्याहून काही दहा मीटरांनी कमी उंची दाखवतो आणि नवखा घाबरतो. उपग्रह पृथ्वीला एक गुळगुळीत गणिती लंबगोल धरून उंची मोजतात. समुद्रसपाटी गुरुत्वाकर्षणावर ठरते, आणि भारताच्या दक्षिणेकडे ती या लंबगोलाच्या बरीच खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला तर ती सुमारे १०६ मीटर खाली जाते, जगातली सर्वांत खोल जागा. कंट्रोलरमध्ये जिऑइड मॉडेल (समुद्रसपाटी आणि लंबगोल यांतलं अंतर सांगणारं) भरलं नाही तर हा फरक तसाच राहतो. भरलं तरी जागतिक मॉडेलमध्ये स्थानिक चूक उरते, म्हणून जवळच्या बेंचमार्कवर (उंची पक्की माहीत असलेल्या खुणेवर) एकदा ताडून घ्या.

पुराच्या कामात हे जिवावर बेतू शकतं. राजाराम बंधाऱ्यावरची ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी ही तिथल्या मोजपट्टीवरची मापं आहेत, समुद्रसपाटीपासूनची उंची नव्हे. कुणी घराच्या जोत्याची उंची रोव्हरनं काढून तिच्याशी थेट तुलना करत असेल तर त्याला थांबवा. आरटीकेची उंचीतली चूक आडव्या चुकीच्या दीड-दोन पट असते. जोतं पूररेषेच्या वर किती इंच आहे हे बघायचं तर साधी लेव्हल आणि स्टाफ (आकडे छापलेली उभी पट्टी) घेऊन बेंचमार्कवरून या.

आकडे बरोबर, नकाशा वेगळा

जुन्या टोपोशीटा (सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे) एव्हरेस्ट नावाच्या लंबगोलावर काढलेल्या, रोव्हर डब्ल्यूजीएस-८४ या जीपीएसच्या लंबगोलावर बोलतो. रूपांतर न करता एकावर एक ठेवलं तर आपल्या भागात शंभराहून जास्त मीटरचा फरक पडतो. एवढा मोठा फरक निदान डोळ्यांना दिसतो. खरा चोर छोटा असतो.

गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या यूटीएम पद्धतीत कोल्हापूर ४३ उत्तर पट्ट्यात येतं. या पट्ट्याच्या मध्यरेषेवर, ७५ अंश रेखावृत्तावर, नकाशातलं अंतर मुद्दाम दर किलोमीटरला ४० सेंटिमीटर आखूड धरलेलं असतं. कोल्हापूर त्या रेषेच्या थोडं पश्चिमेला, त्यामुळे इथं हा फरक ३२ सेंटिमीटरच्या जवळ येतो, आणि पठाराच्या उंचीचे आणखी सातेक सेंटिमीटर धरले तर दर किलोमीटरला सुमारे ४० सेंटिमीटर. शंभर मीटरच्या बांधाला ४ सेंटिमीटर. टेपनं मोजलेलं आणि रोव्हरच्या निर्देशांकांवरून काढलेलं अंतर जुळत नाही, म्हणून लोक टेपला शिव्या देतात. टेप बरोबर असतो. कंट्रोलरमध्ये जमिनीवरचं अंतर दाखवण्याचा पर्याय निवडा, किंवा गुणक लावून घ्या.

आणि जुनं टिपण! एखाद्या नकाशाचं प्रमाण १:५००० असेल तर त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अडीच मीटर रुंद असते. तिच्यावर सेंटिमीटरचा रोव्हर चालवून ‘शेजाऱ्यानं वीस सेंटिमीटर खाल्ले’ असं म्हणणं हास्यास्पद आहे. ४५ मीटर लांबीचा बांध एक मीटर सरकला तर अर्ध्या गुंठ्याच्या आसपास जमीन जाते, तिथं भांडण समजू शकतं. पण हद्द कायम करण्याचा अधिकार भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीला आहे. खासगी रोव्हरवाल्याच्या पीडीएफवर कुंपणाचे खांब रोवू नका.

जुन्या कामाच्या फाइलीवर तारीख नसणं

शेवटची चूक हळूहळू वाढणारी आहे. भारतीय भूपट्टा दरवर्षी साधारण ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतोय. बेस आणि रोव्हर एकाच पट्ट्यावर, दोघं बरोबरच सरकतात, म्हणून रोजच्या कामात हे दिसत नाही. दिसतं ते, दहा वर्षांपूर्वीच्या रस्त्याच्या कामाचे बिंदू आज एखाद्या जागतिक सेवेवरून थेट काढलेल्या जागेशी ताडले की. अर्ध्या मीटरचा फरक निघतो आणि कंत्राटदार म्हणतो, खांबच हलवलेत कुणीतरी. कॉर्सचे निर्देशांक एका ठरावीक तारखेला बांधलेले असतात, जागतिक सेवांचे आजच्या तारखेचे. म्हणून अहवालाच्या पहिल्या पानावर एवढं लिहाच: बेस कोणता होता, त्याचे निर्देशांक काय आणि ते कुठून घेतले, संदर्भचौकट (निर्देशांक ज्या पद्धतीत मोजले ती) आणि तिची तारीख कोणती, अँटेनाची उंची कशी मोजली, जिऑइड मॉडेल कोणतं वापरलं. त्याखाली सुरुवातीला आणि शेवटी तपासलेल्या ओळखीच्या बिंदूचे दोन्ही वेळचे आकडे द्या. बेसच्या कच्च्या नोंदीची फाइलही जपून ठेवा. काम उकरून काढायची वेळ आली तर पुन्हा हिशेब करता येतो तो फक्त तिच्यावरूनच.